शाळेचे दार किती सुरक्षित?

अमेरिकेत वैध कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे. मात्र, शाळेच्या दारात इमिग्रेशन खात्याचे अधिकारी उभे राहिले तर काय, हा प्रश्न २०२५ पासून ऐरणीवर आला आहे. तो समजून घेण्यासाठी न्यायालयाचा निकाल आणि सरकारी परिपत्रक यांतील फरक ध्यानात घ्यायला हवा.

टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा करून अशा मुलांच्या शिक्षणाचे अनुदान रोखले. टायलर शहराच्या शाळा मंडळाने १९७७ मध्ये त्यांच्याकडे वर्षाला एक हजार डॉलर शुल्क मागितले. पालकांनी न्यायालयात धाव घेतली. ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा घटनाबाह्य ठरविला. आई-वडिलांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देणे न्याय्य नाही, ही न्या. विल्यम ब्रेनन यांच्या निकालपत्रातील भूमिका होती. शिक्षणाचा हक्क या निकालावर उभा आहे.

शाळेच्या आवारात कारवाई टाळावी, ही २०११ मधील सूचना मात्र निव्वळ खातेनिहाय होती. २०२१ मध्ये तिची व्याप्ती वाढली आणि २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प प्रशासनाने ती रद्द केली. एका आदेशाने मिळालेले संरक्षण दुसऱ्या आदेशाने गेले.

तरीही शाळा अगदीच निराधार नाहीत. न्यायाधीशाने काढलेले वॉरंट आणि खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेले वॉरंट यांत मोठा फरक आहे. प्रस्थापित न्यायतत्त्वानुसार दुसऱ्याच्या बळावर संमतीविना वर्गात शिरता येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींनाही १९७४ च्या केंद्रीय कायद्याचे कवच आहे. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमधील दोन प्राथमिक शाळांनी केंद्रीय अधिकाऱ्यांना दारातूनच परत पाठविले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून न्यायालयीन वॉरंटाची अट स्पष्ट केली.

या साऱ्या तरतुदींना एक मर्यादा आहे. त्यांचे संरक्षण शाळेच्या फाटकापाशी संपते. घर ते शाळा हा रस्ता त्यांच्या कक्षेत येत नाही. अशा कुटुंबांतील अनेक मुले जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. त्यांना स्वतःला अटकेचे भय नाही. पण शाळेत सोडायला आलेले आई-वडील न्यायलाही येतील, याची शाश्वती त्यांना कोणता कायदा देणार?