एलरॉनच्या नाकातलं शिसं

स्वतःच्या हाताने विमान बांधणारा माणूस वजनाच्या बाबतीत कमालीचा काटेकोर असतो. बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर तो बदलतो, सीटची गादी पातळ करतो, पंखावरच्या कापडाला रंगाचा एक हात कमी देऊन भागेल का, याचा विचार करतो. आणि हाच माणूस पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या एलरॉन या फळीच्या नाकात, म्हणजे बिजागरीच्या पुढच्या भागात, मुद्दाम शिसं भरतो. त्या शिशाने विमानाचा वेग वाढत नाही आणि पंखाला बळकटीही येत नाही. मग ते तिथे कशासाठी?

लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीतलं, कडी न लावलेलं संडासाचं दार आठवा. गाडीला हिसका बसला की चौकट गाडीबरोबर जाते, दार मागे राहतं आणि धाडकन आपटतं. दाराचं सगळं वजन बिजागरीच्या एकाच बाजूला असतं, म्हणून हे होतं. एलरॉनचंही तसंच आहे. हवेच्या धक्क्याने पंख झटकन वर उचलला गेला की एलरॉन मागे राहतं, म्हणजेच खाली झुकतं. खाली झुकलेलं एलरॉन पंखाची उचल वाढवतं, त्यामुळे पंख आणखी वर जातो. पंख लवचीक असतो, तो ताणाने परत खाली येऊ लागतो. आता एलरॉन वरच्या बाजूला मागे पडतं आणि पंख आणखी खाली दाबला जातो. दोघांच्या हालचालीत वेळेचा किंचित फरक राहतो आणि त्या फरकामुळे प्रत्येक फेरीत वाहत्या हवेतली थोडी ऊर्जा पंखात शिरते. कमी वेगात हवाच ही थरथर जिरवून टाकते. एका ठरावीक वेगानंतर मात्र जिरणाऱ्या ऊर्जेपेक्षा शिरणारी ऊर्जा जास्त होते. यालाच फ्लटर म्हणतात. पुढच्या काही सेकंदांत बिजागऱ्या उखडू शकतात, कधी पंखच मोडतो.

हा अनुनाद नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. अनुनादात बाहेरून ठरावीक तालात धक्के बसावे लागतात. फ्लटरमध्ये वारा एकसारखा वाहत असतो. ताल वस्तू स्वतःच निर्माण करते आणि स्वतःच वाढवते. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल पिळवटत कोसळला. त्याची फिल्म आजही वर्गावर्गांत अनुनादाचं उदाहरण म्हणून दाखवली जाते. बिल्ला आणि स्कॅनलन या दोन संशोधकांनी १९९१ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये ही चूक सविस्तर दाखवून दिली, तरी अनेक पुस्तकं बदललेली नाहीत. वाईट याचं वाटतं, की हा फरक १९१६ सालीच स्पष्ट झाला होता. हॅंडली पेज कंपनीच्या दुपंखी बॉम्बर विमानाची शेपूट हवेत भयंकर पिळवटत होती. मोटारी बनवणारे इंग्रज इंजिनिअर फ्रेडरिक लॅंचेस्टर यांनी तपास केला. ही हालचाल इंजिनाच्या थरथरीमुळे होत नसून ती स्वतःच स्वतःला पोसते, असं त्यांनी लिहिलं. शेपटीवरचे डावा आणि उजवा एलेव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या फळ्या, वेगवेगळ्या तारांनी चालत होते, त्यामुळे एक वर तर दुसरा खाली असं होऊ शकत होतं. दोन्ही एका भक्कम नळीने जोडा, हा त्यांचा उपाय होता. पुढच्याच वर्षी डीएच-९ या दुपंखी विमानात तोच आजार निघाला, वैमानिक दगावले आणि उपायही तोच करावा लागला.

शिशाचा उपाय मात्र हॉलंडमधून आला आणि तो शोधणारा माणूस मला फार मोठा वाटतो. रॉटरडॅमची व्हॅन बर्केल ही कंपनी मूळची मांसाचे काप करणारी यंत्रं बनवणारी. तिने डच नौदलासाठी एक एकपंखी समुद्री विमान बांधलं. १९२२च्या सुमारास त्याचे पंख आणि एलरॉन हवेत थरथरू लागले. सरकारी विमान संशोधन संस्थेतले आल्बर्ट फॉन बाउमहाउअर आणि सी. कोनिंग यांनी गणित मांडलं, हवाबोगद्यात प्रयोग केले आणि दाखवून दिलं, की एलरॉनचं वजन बिजागरीच्या पुढे-मागे सारखं तोललं तर हा फ्लटर उरतच नाही. पंख कितीही उसळला तरी तोललेलं एलरॉन मागे पडत नाही, दोघांमधला दुवाच तुटतो. १९२३ साली हे छापून आलं. विमानाचा आराखडा बदलायचा नाही, पंख जाड करायचा नाही, फक्त योग्य जागी थोडं वजन! याच फॉन बाउमहाउअरनी शेपटीला स्वतंत्र छोटा पंखा असलेलं हेलिकॉप्टरही बांधलं. ती मांडणी आज जगभर दिसते. १८ मार्च १९३९ रोजी बोईंगच्या स्ट्रॅटोलायनर विमानाच्या चाचणीत ते बसले होते. विमान कोसळलं, आतले दहाही जण गेले. विमानविद्येच्या इतिहासात त्यांना एखाद्या ओळीपेक्षा जास्त जागा क्वचितच मिळते. हा अन्याय आहे.

उत्तर छापलेलं असूनही ते कारखान्यांपर्यंत लगेच पोचलं नाही. ऑक्टोबर १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला, जुहूच्या मैदानावर, टपाल आणलं ते पुस मॉथ जातीच्या विमानातून. त्याच काळात जगात इतरत्र पुस मॉथ हवेत मोडून पडत होती. ब्रिटिश तपासात फ्लटरचा मुद्दा पुढे आला आणि पंखाच्या टेकूला जादा आधार देण्यात आला.

हौशी माणसाने बांधलेलं विमान दुपंखी असेल, तर त्याचे दोन पंख टेकू आणि तारांनी बांधलेले असतात. ती एक ताठ पेटीच होते, त्यामुळे पंख सहजासहजी पिळवटत नाही. कच्चा दुवा उरतो तो एलरॉन, एलेव्हेटर आणि शेपटीवरच्या उभ्या, हलणाऱ्या रडरचा. ज्या विमानांत वरच्या आणि खालच्या पंखाचे एलरॉन उभ्या दांडीने जोडलेले असतात, तिथे दांडीच्या टोकाचं बेअरिंग झिजून ढिलं झालं की खालचं एलरॉन नीट तोललेलं असूनही वरचं मोकळं हलू लागतं. शिवाय हौशी माणूस आराखड्यातल्यापेक्षा मोठं इंजिन बसवतो आणि विमान ज्या वेगासाठी तपासलेलंच नाही, त्या वेगाला सूर मारतो.

आणि मग रंग. त्याच्या वजनानेही तोल बिघडतो, म्हणून तो तपासावा लागतो. एलरॉन काढून दोन धारदार आधारांवर बिजागरीच्या रेषेत टेकवतात. ते आडवं, स्थिर राहिलं तर तोल बरोबर. मागची कड खाली गेली तर पुढे वजन कमी. आता हिशेब बघा. बिजागरीच्या ३० सेंटिमीटर मागे रंगाचे, ठिगळाचे १०० ग्रॅम वाढले आणि शिसं बिजागरीच्या १० सेंटिमीटर पुढे असेल, तर तोल साधायला ३०० ग्रॅम शिसं लागतं. पाणी निघायची भोकं बुजली आणि मागच्या कडेत पावसाचं पाणी साठलं, तरी हेच होतं. म्हणून तोल पाहायचा तो शेवटचा हात वाळल्यावर.

हे जुन्या काळचे प्रश्न आहेत, असं समजू नका. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने झेनिथ सीएच ६०१ एक्सएल ही छोटी विमानं जमिनीवर ठेवा, अशी तातडीची शिफारस केली. हवेत मोडण्याच्या घटनांमागे एलरॉनचा फ्लटर असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतरच्या सुधारणेत पंख भक्कम केला गेला आणि एलरॉनला तोलाचं वजन जोडलं गेलं. सप्टेंबर २०११ मध्ये रेनोच्या शर्यतीत पी-५१ मस्टॅंग प्रेक्षकांजवळ कोसळलं आणि वैमानिकासह अकरा जण मेले. एलेव्हेटरवरच्या छोट्या ट्रिम टॅबचे स्क्रू सैल झाले होते, कारण त्यांचे लॉकनट जुने होऊन पकड सोडत होते. तोल कितीही अचूक असो, सांधा ढिला असेल तर फ्लटरला वाट मिळतेच.

आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांतले अनेक गट रेडिओवर चालणारी विमानं बांधून स्पर्धांना उतरतात. पातळ, हलका पंख आणि एलरॉन हलवणाऱ्या सर्व्हो मोटरची ढिली दांडी असली की तिथेही फ्लटर होतो. त्यांना माझी विनंती आहे: स्पर्धेच्या आदल्या दिवशी कॉलेजचं नाव आणि प्रायोजकाचे स्टिकर एलरॉनवर चिकटवून झाले, की ते एलरॉन उतरवा आणि पुन्हा एकदा तोलून पाहा.