ताऱ्यांचे सामाईक दप्तर

तारा म्हटला की आपल्या कलाशाखेतील मंडळींना कविता आठवते. फार तर पंचांग आठवते. ताऱ्यांचे शास्त्र हा विज्ञानशाखेचा प्रांत, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चालले होते. परंतु ताऱ्यांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचा वृत्तान्त शास्त्रज्ञांनी कसा जुळवला, हे वाचू लागले तेव्हा ती पद्धत ओळखीची वाटली. इतिहासाच्या तासाला आपण तीच शिकतो. आधी साधने गोळा करावी, ती सर्वांपुढे ठेवावी आणि मग इतिहास लिहावा. या लेखात त्या आकाशातल्या साधनांविषयी थोडे सांगायचे आहे.

पहिली अडचण काळाची. माणसाचे आयुष्य फार तर शंभर वर्षांचे. आपल्या सूर्यासारखा तारा मात्र सुमारे एक हजार कोटी वर्षे जळतो. सूर्याचे आजचे वयच सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. मग एका ताऱ्याचे संपूर्ण आयुष्य पाहिले कोणी? अर्थात कोणीच नाही. पण समजा, परक्या मुलखातला एक पाहुणा एका दिवसापुरता आपल्या आठवडी बाजारात आला. त्याला कडेवरचे मूल दिसेल, शाळकरी पोर दिसेल, ओझे उचलणारा तरुण दिसेल आणि काठी टेकीत चाललेली म्हातारी दिसेल. कोणालाही वाढताना न पाहता, माणूस आधी लहान असतो आणि मग म्हातारा होतो, हे तो ताडू शकेल. अट एकच, गर्दी मोठी हवी. चारच माणसे पाहिली तर त्याचा तर्क हमखास चुकेल. शास्त्रज्ञांना हजारो-लाखो ताऱ्यांच्या नोंदी लागतात त्या याचसाठी.

हा बाजार आपल्या मूर्तिजापूरच्या आकाशातही भरतो. शेतकऱ्यांच्या बोलण्यातला मिरग जूनमध्ये येतो, कारण तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो. ते नक्षत्र रात्री पाहायचे तर हिवाळा हवा. जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर जावे. मृगाच्या पोटाखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो तेजोमेघ असून तेथे आजही तारे जन्माला येत आहेत. वर कृत्तिकांचा झुबका दिसतो. ते तारे सुमारे दहा कोटी वर्षांचे, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने पोरसवदाच. शेजारची तांबूस रोहिणी उतारवयाला लागून फुगलेली आहे. तेजस्वी व्याधाला एक जोडीदार आहे. तो श्वेत बटू, म्हणजे विझून गेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा; पण तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. वृषभ राशीत तर एका स्फोटाचे अवशेष आहेत. तो स्फोट १०५४ साली चिनी ज्योतिष्यांनी पाहिला व तारखेसह लिहून ठेवला. आपण काय लिहितो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी ती नोंद जवळजवळ नऊशे वर्षांनी शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली आणि त्या अवशेषांचे वय ठरले.

नुसत्या डोळ्यांनी ताऱ्याचा रंग आणि तेज एवढेच कळते. अधिक जाणून घ्यायचे तर त्याचा प्रकाश लोलकातून नेऊन रंगांचा पट्टा पाडावा लागतो. त्याला वर्णपट म्हणतात. त्या पट्ट्यातल्या काळ्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान आणि त्यातील मूलद्रव्ये कळतात. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत अशा वर्णपटांची छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर वर्षानुवर्षे घेतली गेली. ॲनी जंप कॅनन या विदुषीने ती एकेक तपासून ताऱ्यांची वर्गवारी केली, आणि १९१८ ते १९२४ या काळात २,२५,३०० ताऱ्यांची सूची प्रसिद्ध झाली. इकडे १९२० साली मेघनाद साहा यांनी, ताऱ्याचे तापमान आणि त्या काळ्या रेषा यांचा संबंध सांगणारे सूत्र मांडले. साहा हे पूर्व बंगालमधील एका खेड्यातल्या लहान दुकानदाराचे पुत्र. हार्वर्डच्या तबकड्या आणि साहांचे सूत्र एकत्र आणले ते सेसिलिया पेन या तरुण विद्यार्थिनीने. १९२५ साली तिच्या प्रबंधात उत्तर निघाले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. त्या वेळच्या थोर पंडितांना ते पटले नाही, आणि तिलाही आपल्याच निष्कर्षाबद्दल शंका व्यक्त करावी लागली. पण १९२९ साली हेन्री रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तरापाशी पोहोचले. नोंद एकीची, सूत्र दुसऱ्याचे आणि निष्कर्ष तिसरीचा. यांतला एकही दुवा कुलुपात राहिला असता तर बाकीचे दोन अपुरे पडले असते.

आता दीर्घिकांकडे वळू. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे कुटुंब; आपली आकाशगंगा ही त्यांपैकीच एक. दूरच्या दीर्घिकेतले तारे सुटे दिसत नाहीत, सर्वांचा मिळून एकच मिसळलेला प्रकाश पोहोचतो. मग आत तरुण तारे किती आणि म्हातारे किती, हे कसे ओळखावे? आपल्याकडे जाणती बाई काळा मसाला चिमटीत घेऊन चाखते आणि धने किती, लवंग किती, खोबरे जास्त भाजले की कमी, हे सांगते. तिला ते येते, कारण प्रत्येक जिन्नस तिने वेगळा चाखलेला असतो. शास्त्रज्ञही तेच करतात. निरनिराळ्या ताऱ्यांचे सुटे वर्णपट घेतात, ते वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून पाहतात, आणि कोणते मिश्रण दीर्घिकेच्या वर्णपटाशी जुळते ते गणिताने ठरवतात. भारी तारे लवकर संपतात, हलके रेंगाळतात. म्हणून नवे तारे जन्मायचे थांबले की दीर्घिका हळूहळू तांबूस होत जाते. यावरून तिच्या गतायुष्याचा अंदाज बांधता येतो.

यासाठी सुट्या जिनसांचा डबा मात्र भरलेला हवा. असा एक डबा भरण्यात आपल्या महाराष्ट्राचा हात आहे. पुण्याला १९८८ साली स्थापन झालेले ‘आयुका’ हे केंद्र आपण जयंत नारळीकरांच्या नावाने ओळखतो. ते तिचे संस्थापक-संचालक. तेथील रंजन गुप्ता, दिल्ली विद्यापीठाचे हरिंदर सिंग आणि अमेरिकेतील त्यांचे सहकारी यांनी मिळून, ॲरिझोनातील किट पीक येथील ०.९ मीटरच्या दुर्बिणीतून १,२७३ ताऱ्यांचे वर्णपट मिळवले. २००४ साली हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि सर्वांसाठी खुला ठेवला गेला. ‘इंडो-यूएस’ संग्रह या नावाने तो जगभर ओळखला जातो. पुढे २०१२ साली स्पेनच्या कॅनरी बेटांवरील संशोधकांनी दीर्घिकांच्या आयुष्याची गणिती प्रारूपे बांधताना, इतर संग्रहांच्या जोडीला हाही वापरला. दुर्बीण अमेरिकेत, मेहनत पुण्या-दिल्लीची आणि उपयोग स्पेनमध्ये!

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना येथे राजवाड्यांची आठवण यावी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली छापला आणि पुढे बावीस खंड झाले. ती पत्रे त्यांनी स्वतःच्या पेटीत ठेवली असती, तर आपल्या हाती इतिहासाऐवजी केवळ राजवाड्यांचे मत आले असते. साधने खुली असली की दुसऱ्याला ती तपासता येतात आणि मूळ संग्राहकाच्या ध्यानीमनी नसलेले प्रश्नही विचारता येतात. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यातून २०१० ते २०१२ या काळात आकाशाची पाहणी झाली. दुसऱ्या एका गटाने त्याच नोंदी पुन्हा नव्या रीतीने तपासल्या, आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची सूची सर्वांना मिळाली.

खुल्या दप्तराने काय घडते याचे मला सर्वांत भावलेले उदाहरण ‘सरस्वती’चे आहे. २०१७ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधल्याचे जाहीर केले. तो मीन राशीत, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर, ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला असून त्यात दीर्घिकांचे किमान ४३ समूह आहेत. नोंदी होत्या अमेरिकेतील ‘स्लोन’ पाहणीच्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या. शोध लावणाऱ्यांत आयुका आणि पुण्याची ‘आयसर’ ही संस्था होती, जमशेदपूरची राष्ट्रीय तंत्रसंस्था होती, आणि केरळातील तोडुपुळा या गावचे न्यूमन कॉलेजही होते. तोडुपुळा काही मुंबई-दिल्ली नव्हे. आपल्यासारखेच आडवळणाचे गाव. दप्तर खुले नसते तर त्या कॉलेजचे नाव या शोधाशी जोडले गेले असते का?

माझ्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरातले कागद म्हणजे सातबारा, रेशनकार्ड आणि लग्नपत्रिका. ज्ञान हे कुणा मोठ्यांच्या मालकीचे असते आणि आपण ते लांबून पाहायचे असते, अशी एक समजूत अशा घरांतून नकळत घट्ट होते. खुल्या संग्रहांनी ती समजूत सैल होते. अर्थात दार उघडे असले म्हणजे आत जाता येते असे नाही. त्यासाठी गणित लागते, इंग्रजी लागते, संगणक लागतो आणि हात धरून नेणारा गुरू लागतो. तरीही दार मुळात उघडे असणे हीच पहिली गोष्ट आहे. उरलेली तयारी हा आपला, आपल्या प्राध्यापकांचा आणि आपल्या ग्रंथालयाचा प्रश्न आहे.

शेवटी एक सूचना करते. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडे ताऱ्यांची स्वतःची नावे आहेत. सप्तर्षी म्हणजे म्हातारीचे खाटले, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ते पळवणारे तीन चोर. गावोगावी अशी आणखी किती नावे, किती गोष्टी असतील! ती माणसे गेली की ती नावेही जातील. दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने आपापल्या गावची अशी नावे विचारावी आणि गाव, तारीख, सांगणाऱ्याचे वय व शब्द जसाच्या तसा अशी एकाच पद्धतीने लिहून आणावी. ग्रंथालयात त्यांची एक सामाईक वही ठेवावी. पुढे तिचा उपयोग कोण करील हे आज सांगता येणार नाही. चिनी ज्योतिष्यांना तरी ते कोठे सांगता आले असते?