सुलभा देशपांडे आणि शाळेच्या सभागृहातली रंगभूमी

सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) यांचे नाव निघाले की मराठी नाट्यरसिकाला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे आठवते आणि हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला पडद्यावरची एखादी आई किंवा सासू आठवते. या दोन आठवणींच्या मधोमध त्यांच्या कारकिर्दीचा जो गाभा आहे, तो मात्र दादर पश्चिमेच्या एका शाळेत सापडतो. मुंबईत जन्मलेल्या, माहेरच्या कामेरकर असलेल्या सुलभाताई नटी म्हणून नावारूपाला येण्याआधी दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. विद्यार्थ्यांची नाटके बसवताना मुलांना शोभेल असे लेखन मिळेना, म्हणून त्यांनी नाटककार विजय तेंडुलकर यांच्याकडेच मुलांसाठी नाटके मागितली. पुढे भारतीय रंगभूमीला हादरवणाऱ्या लेखक-अभिनेत्रीच्या या जोडीची सुरुवात अशी बालनाट्यातून व्हावी, ही गोष्ट जितकी लिहिली जायला हवी तितकी लिहिली गेलेली नाही.

विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि श्रीराम लागू यांच्याशी निगडित असलेली ‘रंगायन’ ही संस्था १९६०च्या सुमारास उभी राहिली आणि प्रायोगिक मराठी नाटकाचे ते मुख्य केंद्र ठरले. प्रायोगिक म्हणजे तिकीटबारीच्या हिशेबापेक्षा आशय आणि सादरीकरणाच्या नव्या वाटांना अधिक महत्त्व देणारे नाटक. त्यात काम करणारी मंडळी बहुधा दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमीला येत. सुलभाताई याच संस्थेतून प्रौढांच्या रंगभूमीवर आल्या आणि अरविंद देशपांडे हे त्यांचे पती तर होतेच, शिवाय अनेक नाटकांचे दिग्दर्शकही होते.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक तेंडुलकरांनी राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने लिहिले आणि १९६७मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले. मुंबईची काही हौशी नाट्यमंडळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल लुटुपुटीचा खटला चालवण्यासाठी एका गावी येतात, फावल्या वेळात सराव म्हणून दुसरा खटला उभा करतात आणि त्यातली आरोपी म्हणून बेणारेबाईंना निवडतात. बाई अविवाहित आहेत, गरोदर आहेत आणि पेशाने शिक्षिका आहेत; खेळ म्हणून सुरू झालेली चौकशी बघता बघता त्यांच्या खासगी आयुष्यावरचा सामुदायिक हल्ला होऊन बसते. दाराची कडी सुरुवातीला बाईंच्या बोटाला लागते, तेव्हा प्रेक्षक तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. पुढे बाई निघून जाऊ पाहतात तेव्हा तीच कडी बाहेरून पडलेली असते. शेवटी ‘न्यायाधीश’ त्यांना निवेदनासाठी अवघे दहा सेकंद देतात, बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात आणि त्या दहा सेकंदांच्या पोटात बेणारेबाईंचे दीर्घ स्वगत उलगडते.

हे स्वगत आजही अभिनयाच्या स्पर्धांत आणि निवड-चाचण्यांत हमखास म्हटले जाते. ते म्हणताना सर्वांत सोपी चूक म्हणजे पहिल्या वाक्यापासूनच रडवेले होणे. वर्गात मुलांसमोर उभे राहण्याची सवय असलेली, थट्टेखोर, बोलकी बाई आधी ठसठशीत उभी राहिली नाही, तर तिची मोडतोड कोणाला लागणारच नाही. स्वतः शिक्षिका असलेल्या नटीला ही पहिली बाजू उसनी आणावी लागली नाही, हे सुलभाताईंच्या भूमिकेचे बळ मानले पाहिजे. १९७१मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर मराठी चित्रपट काढला, तेव्हाही बेणारेबाई त्याच होत्या. छायालेखनाची धुरा गोविंद निहलानी यांच्याकडे होती.

त्याच वर्षी, ‘रंगायन’मध्ये फूट पडल्यानंतर, अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ची स्थापना केली. गिरीश कर्नाड यांचे ‘तुघलक’ तेंडुलकरांच्या अनुवादातून मराठीत आणून संस्थेने सुरुवात केली खरी, पण अशा संस्थांपुढची खरी अडचण जागेची होती. शिवाजी मंदिरसारख्या मोठ्या नाट्यगृहाचे भाडे आणि त्याच्या तारखा मोजक्या प्रेक्षकांच्या नाटकाला परवडणाऱ्या नव्हत्या. सुलभाताईंचा छबिलदास शाळेशी असलेला जुना संबंध इथे कामी आला आणि १९७४पासून शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले.

ही जागा नाट्यगृह म्हणून बांधलेली नव्हती, आणि तिचा गुण तोच ठरला. प्रेक्षक आणि नट यांच्यात अंतर उरत नसल्याने आवाज फेकण्याची, हातवारे मोठे करण्याची गरज संपली. पापणी हलली तरी दिसावी अशा जवळिकीत जो अभिनय लागतो, तो कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाचा जवळचा नातलग असतो. महेश एलकुंचवार यांची नाटके, दुबे आणि अमोल पालेकर यांचे प्रयोग इथे झाले. दादर स्टेशनपासून चालत येण्याजोगे हे ठिकाण असल्याने ऑफिसातून सुटलेला माणूस त्याच गल्लीतला बटाटावडा खाऊन नाटकाला बसू शकत असे. ‘छबिलदास चळवळ’ हे नाव पुढे रूढ झाले. ही चळवळ जाहीरनाम्यावर नव्हे, तर स्वस्त भाडे आणि सोयीच्या लोकलवर उभी होती, असे म्हटले तर ते तिला कमी लेखणे ठरू नये. शाळेतले हे पर्व संपल्यावर ‘आविष्कार’ने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले, म्हणजे मुक्काम पुन्हा शाळेतच पडला.

मुलांसाठी ‘आविष्कार’ने ‘चंद्रशाला’ हा स्वतंत्र विभाग चालवला, तो सुलभाताईंच्या पुढाकाराने. त्यातले ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य मुलांच्या एकामागून एक पिढ्यांनी सादर केले. बालचित्र समितीसाठी त्यांनी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ (१९७८) हा चित्रपटही दिग्दर्शित केला. अरविंद देशपांडे १९८७च्या जानेवारीत गेले. अभिनयासाठीचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला तोही १९८७चाच.

पडद्यावरची त्यांची यादी लांब आहे. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ आणि जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ (दोन्ही १९७७), मुजफ्फर अली यांचा ‘गमन’ (१९७८) या समांतर चित्रपटांपासून ते गतिमंद मुलाची आई साकारलेल्या ‘चौकट राजा’पर्यंत (१९९१) आणि ‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या (२०१२) सासूपर्यंत त्यांनी छोट्या भूमिकांनाही वजन दिले. तरीही चित्रपटसृष्टीने त्यांना बहुतेकदा कुणाची तरी आई किंवा सासू म्हणूनच पाहिले, स्वतःच्या कथेचा केंद्रबिंदू म्हणून फारसे नाही. ती संधी त्यांना दुबे यांच्या चित्रपटाने दिली होती, आणि १९६७चा प्रयोग ज्यांनी पाहिला नाही त्यांना सुलभा देशपांडे यांची बेणारे पाहायची असेल, तर तिथेच जावे लागते.