आधी थांबणे, मग धावणे
जुन्या मोटारीची शर्यतीची गाडी करताना कामी येणारे भौतिकशास्त्र

हिवाळ्यात पिके निघाली की विदर्भात शंकरपटाचे दिवस येतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर सर्वांना ठाऊक आहे. पट पाहायला गेलेल्या विद्यार्थ्याला एक गोष्ट सहज दिसते. कापूस किंवा कडबा वाहणारी बंडी पटात कोणी आणत नाही. पटाची छकडी निराळी असते. ती हलकी असते आणि धुरकऱ्याला टेकण्यापुरतीच जागा तिच्यावर असते. बैल कितीही चपळ असले, तरी बंडीला जुंपून पट मारता येत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मोटारीच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण आपण विसरतो. समजा, वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावात एक जुनी मारुती ८०० लिंबाखाली उभी आहे. भंगारवाला तिचे वजनावर पैसे द्यायला तयार आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना मात्र वाटते, की हिची शर्यतीची गाडी करावी. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "इंजिनाची ताकद कशी वाढवायची?"

या लेखाचे सांगणे एवढेच आहे, की हा प्रश्न शेवटचा आहे. त्याच्या आधी चार प्रश्न येतात : वजन किती, गाडी थांबते कशी, वळते कशी आणि उलटली तर आतला माणूस वाचतो कसा? या चारही प्रश्नांची उत्तरे शालेय भौतिकशास्त्रात आहेत.

हे पूर्वी झालेले आहे

१९४८ साली लंडनमध्ये कॉलिन चॅपमन या स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ऑस्टिन सेव्हन ही जुनी छोटी मोटार घेतली. तिचे मूळ अंग काढून टाकले आणि विमानबांधणीतील कल्पना वापरून प्लायवुड व ॲल्युमिनियमचे हलके अंग बसवले. लोटस या प्रसिद्ध गाड्यांची सुरुवात तीच. वजन कमी करणे हे चॅपमन यांचे जन्मभराचे सूत्र राहिले.

आपल्याकडे कोइमतूरच्या सुंदरम करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून एका माणसाची स्वस्त शर्यती गाडी तयार केली. फॉर्म्युला मारुती या नावाने ती ओळखली गेली. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन याने आपली सुरुवात याच प्रकारच्या गाडीत केली. इंजिन तेच, बाजारहाटाला नेणाऱ्या गाडीचे. भोवतालची गाडी तेवढी बदलली.

महाराष्ट्रातले उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून चार चाकी छोटी गाडी बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये या गाडीची देशभर चर्चा झाली. ती शर्यतीची गाडी नव्हती. पण जुन्या भागांतून नवी गाडी उभी करण्याचे कसब गावच्या भात्यापाशीही असते, हे तिने दाखवून दिले.

पहिला प्रश्न : वजन

मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलोग्रॅम आणि इंजिनाची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती. त्यात ७० किलोचा चालक बसला, की एकूण वस्तुमान ७२० किलो होते. आता मागचे आसन, चालकाशेजारचे आसन, गालिचे, दारांची अस्तरे, जादा चाक, बंपर असे सगळे उतरवून १०० किलो वाचले असे समजू. पुढे सांगितलेला संरक्षक पिंजरा ३० किलोचा धरू. निव्वळ घट ७० किलो झाली आणि चालकासह गाडी ६५० किलोवर आली.

दर किलोमागे मिळणारी शक्ती आता जेवढी वाढली, तेवढीच ती मूळ वजन ठेवून वाढवायची असती, तर इंजिनाला ३७ × ७२० ÷ ६५०, म्हणजे सुमारे ४१ अश्वशक्ती द्यावी लागली असती. पाना-पेंचकसाच्या कामात चार अश्वशक्ती मिळाल्या! शिवाय इंजिनाची वाढलेली शक्ती फक्त वेग घेताना उपयोगी पडते. कमी झालेले वजन थांबताना आणि वळतानाही कामी येते.

दुसरा प्रश्न : गाडी थांबते कशी?

वर्गात गतिज ऊर्जेचे सूत्र आपण फळ्यावर लिहितो : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ७२० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २ लाख ७८ हजार ज्यूल होते. गाडी थांबली की ही ऊर्जा जाते कुठे? जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचे सुमारे ८८० मिलिलीटर पाणी १०० अंशांपर्यंत तापेल. एकदा ब्रेक दाबणे म्हणजे भांडेभर चहाचे आधण ठेवणे!

रस्त्यावर असा जोरदार ब्रेक क्वचित लागतो आणि मध्ये चाके निवायला वेळ मिळतो. शर्यतीच्या मार्गावर तो प्रत्येक फेरीत अनेकदा लागतो. पुढच्या चाकांच्या दोन ब्रेकचकत्यांचे मिळून वजन ६ किलो आहे आणि ७० टक्के उष्णता त्यांच्यात जाते असे समजू. बीड लोखंडाची विशिष्ट उष्मा दर किलोला, दर अंशाला सुमारे ४६० ज्यूल. मग एका थांबण्यात चकत्या सुमारे ७० अंशांनी तापतात. त्या निवण्याआधीच दुसरा, तिसरा, चौथा ब्रेक येतो. जुन्या गाडीत चकतीऐवजी ड्रम असतील, तर उष्णता आत कोंडते आणि अडचण आणखी वाढते.

येथे पास्कलचा नियम धोक्यात येतो. ब्रेकच्या नळीतील द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतो. पण हा द्रव हवेतील पाणी शोषतो. डॉट ३ जातीचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे. पाणी शोषलेल्या द्रवाला हीच मर्यादा १४० अंशांवर येते. द्रव उकळला की नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. लिंबाखाली वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीतला द्रव म्हणून आधी ओतून द्यावा. गंजलेल्या नळ्या, रबरी झडपा आणि ब्रेकचे अस्तर बदलावे. पहिला रुपया येथे खर्चावा.

तिसरा प्रश्न : गाडी वळते कशी?

वळणावर गाडीला केंद्राकडे ओढणारे बल लागते. ते फक्त टायर आणि रस्ता यांमधील घर्षणातून मिळते. घर्षणांक ०.८ असेल, तर ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर गाडी ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने जाऊ शकते. घर्षणांक १ झाला, तर हाच वेग ६२ होतो. या हिशेबात इंजिन कोठेच येत नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

चौकस विद्यार्थी येथे विचारील, की या सूत्रात वस्तुमानही नाही; मग गाडी हलकी करून काय मिळाले? प्रश्न योग्य आहे. पुस्तकातला घर्षणाचा नियम लाकडाच्या ठोकळ्याला चांगला लागू पडतो. रबर थोडे वेगळे वागते. टायरवरचा भार वाढला, की त्याचा घर्षणांक किंचित घटतो. म्हणून हलकी गाडी थोडी अधिक चिकटून धावते.

वळताना हा भार चारही चाकांवर सारखा राहत नाही. बाहेरच्या चाकांकडे किती भार सरकतो, हे वस्तुमान, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर ठरते. ६५० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंचीवर, चाकांमधील अंतर १.२ मीटर आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट असे धरू. सुमारे २१७ किलोइतका भार आतून बाहेर जातो. बाहेरच्या चाकांवर ५४२ आणि आतल्यांवर १०८ किलो उरतो. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर खाली आणला, तर हेच आकडे ५२० आणि १३० होतात. शर्यतीची गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसते, ती यामुळे.

गाडी घसरेल की उलटेल, हेही येथेच ठरते. चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. आपल्या गाडीचे उत्तर १.२ येते. टायरचा घर्षणांक यापेक्षा कमी असेल, तर गाडी आधी घसरते. जास्त असेल, तर उलटते. छतावर सामान लादून गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर गेला, तर उत्तर ०.९२ येते. अशा उंच गाडीला १.१ घर्षणांकाचे चिकट टायर लावले, तर ती घसरण्याऐवजी उलटेल! चांगले टायर लावल्याने गाडी अधिक धोकादायक होऊ शकते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण खरे आहे.

याचा प्रयोग वर्गात करता येतो. तळ ३ सेंटिमीटर आणि उंची ५ सेंटिमीटर असलेला लाकडी ठोकळा गुळगुळीत सनमायकाच्या फळीवर उभा ठेवा आणि फळी एका बाजूने हळूहळू उचला. ठोकळा घसरतो. आता फळीवर जाड पॉलिशपेपर चिकटवून तोच प्रयोग करा. ठोकळा उलटतो. ठोकळा तोच आहे, फक्त पकड वाढली.

जुन्या टायरवर नक्षी शाबूत दिसली, तरी फसू नये. रबर हवेने आणि उन्हाने कडक होते, त्याला भेगा पडतात. टायरच्या कडेवर चार अंकी खूण असते. ती '२३१२' असेल, तर टायर २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. वय वाचायला शिकवणारा हा छान पाठ आहे.

चौथा प्रश्न : माणूस वाचतो कसा?

शर्यतीच्या गाडीत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. भरीव सळई न घेता नळी का घ्यायची? ४० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची नळी घ्या. तेवढ्याच लांबीत तेवढेच पोलाद भरीव सळईत घातले, तर सळईचा व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास येतो. वाकण्याला नळी या सळईपेक्षा सुमारे साडेनऊ पट जास्त विरोध करते. बांबू पोकळ असूनही ताठ उभा राहतो, त्याचे कारण हेच.

पिंजऱ्यात तिरप्या नळ्या असतात, त्या त्रिकोण साधण्यासाठी. चार काड्या खिळ्यांनी जोडलेला चौकोन कोपरा दाबताच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. पिंजऱ्यामुळे गाडीचे अंगही ताठ होते आणि स्प्रिंगांना आपले काम नीट करता येते.

मात्र पिंजरा एकटा माणसाला वाचवत नाही. शिरस्त्राण, अनेकपट्टी पट्टा, नळ्यांवरची गादी, आग विझवण्याचे नळकांडे आणि बाहेरूनही बंद करता येणारे विजेचे बटण ही सगळी त्याची जोडीदार आहेत. रोजच्या गाडीत हौसेने पिंजरा बसवला आणि डोक्यावर शिरस्त्राण नसले, तर साध्या धडकेतही डोके त्या पोलादावर आपटेल. वेल्डिंगही जाणत्या कारागिराकडूनच हवे. वरून सुबक दिसणारा सांधा आतून कच्चा असू शकतो.

मग इंजिन

आता कुठे मुलांच्या पहिल्या प्रश्नाची पाळी आली. तेथेही ताकदीआधी तब्येत पाहावी. पाण्याची टाकी साफ आहे का, तेल नवे आहे का, तिन्ही नळकांड्यांतला दाब सारखा आहे का, पेट्रोलची नळी चिरलेली नाही ना? निरोगी ३७ अश्वशक्ती आजारी ५० पेक्षा बऱ्या.

ही गाडी चालवायची कुठे?

रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. देवराष्ट्र्याच्या गाडीपुढेही हीच अडचण होती. अखेर जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती देऊन बदल्यात नवी बोलेरो घेतली.

शर्यतीची गाडी ट्रकवर चढवून शर्यतीच्या मार्गावर न्यावी लागते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असा मार्ग आहे, कोइमतूरजवळ करिवर्धन यांच्या नावाचा करी मोटर स्पीडवे आहे. पुढे अभियांत्रिकीला जाणाऱ्यांसाठी बाहा ही विद्यार्थ्यांनीच गाडी बांधून चालवण्याची स्पर्धा २००७ साली मध्य प्रदेशातील पीथमपूरला सुरू झाली.

आपल्यासमोर बसलेल्या मुलांपैकी काही जण दोन-तीन वर्षांत खरोखरच मोटार चालवू लागतील, कारंज्याच्या किंवा वाशीमच्या रस्त्यावर. त्यातला एखादा मित्रांसमोर वेग ५० वरून १०० वर नेईल. वेग दुप्पट झाला, की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. घर्षणांक ०.८ धरला, तर ब्रेक लागल्यापासून १२ मीटरऐवजी सुमारे ४९ मीटर. विचार करण्यात गेलेले अंतर याखेरीज. हे आकडे फळ्यावर लिहून थांबू नये. मुलांना शाळेच्या मैदानावर न्यावे, १२ पावलांवर एक आणि ४९ पावलांवर दुसरा मुलगा उभा करावा आणि मधली जागा त्यांना डोळ्यांनी पाहू द्यावी.