जव्हार-मोखाड्यात साप, घोरपड, बेडूक पकडायला परवानगी मिळते का? कायदा नेमकं काय सांगतो

पावसाचा पहिला दणका बसला की जव्हार-मोखाड्याचा रंगच बदलतो. दाभोसा धबधब्याकडं गाड्यांची रांग लागते, खोडाळ्याच्या घाटात सेल्फीवाल्यांची गर्दी होते. अंधार पडला की ओढ्याच्या काठानं आणि भाताच्या बांधावर बॅटऱ्या फिरताना दिसतात. कुणी खेकडे धरायला निघालेलं असतं, कुणी मासे चढतायत का ते बघायला. आता त्यात शहरातून येणाऱ्या कॅमेऱ्यांचीही भर पडतेय. बेडूक, सरडे, साप शोधत रात्री फिरायचं, फोटो काढायचे, रील टाकायची. याला इंग्रजी नावही आहे, हर्पिंग.

इथंच खरा प्रश्न सुरू होतो. साप हातात धरून रील केली तर तो गुन्हा आहे का? दहा-बारा जण मिळून बेडूक धरायला गेले तर? आणि असं काही करायची सरकारी परवानगी मिळते का?

थोडक्यात उत्तर असं की परवानगी मिळते, पण कारणं अगदी मोजकी आहेत. त्यात ‘हौस’ हे कारण नाही.

आधी ‘शिकार’ म्हणजे काय ते बघू

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली व्याख्या खूप मोठी आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीत येतं. यातलं काही करायचा नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा त्यांच्या घरट्याला धक्का लावणंही त्यात मोजलं जातं.

म्हणजे नाग पिशवीत भरला आणि दोन तासांनी सोडून दिला, तरी कायद्याच्या भाषेत तो ‘पकडला’ गेलेला असतो. ‘आम्ही त्याला मारलं थोडंच’ हा बचाव इथं चालत नाही.

२०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या. नाग, घोणस, धामण हे आपल्या रोजच्या बघण्यातले साप थेट पहिल्या अनुसूचीत गेले. घोरपड तिथं आधीपासूनच होती. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर शिक्षा आहे ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. इतर बहुतेक गुन्ह्यांसाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग परवानगी कुणाला मिळते?

यासाठी कायद्यात दोन दारं आहेत.

पहिलं दार कलम ११ चं. एखादा प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा होणार नाही इतका जखमी, आजारी असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश काढू शकतात. याच कलमात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूनं प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही. घरात साप निघाल्यावर घाबरलेल्या माणसाला कायदा थेट गुन्हेगार ठरवत नाही, तो यामुळं.

दुसरं दार कलम १२ चं. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, वन्यजीव व्यवस्थापन, प्राणिसंग्रहालय किंवा वस्तुसंग्रहालयासाठी नमुने, आणि जीवरक्षक औषधांसाठी सापाचं विष काढणं, या कामांसाठी परवाना मिळू शकतो. तो लेखी असतो, त्यात कारणं नोंदवलेली असतात आणि त्यासाठी फी भरावी लागते. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल, तर राज्यानं परवाना देण्याआधी केंद्र सरकारची मंजुरी लागते.

या यादीत खेळ, स्पर्धा, मिरवणूक, पर्यटन, व्हिडिओ यांपैकी काहीही नाही.

बत्तीस शिराळ्याचं उदाहरण

महाराष्ट्रात या विषयावरचा सगळ्यात मोठा वाद सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचा. नागपंचमीला जिवंत नाग पकडायचे, त्यांची पूजा करायची, मिरवणूक काढायची ही तिथली जुनी प्रथा. नागपंचमीच्या कित्येक दिवस आधीपासून गावातली मंडळं नाग धरायला बाहेर पडायची, आणि कुणाचा नाग मोठा यावर चढाओढ लागायची. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ पासून जिवंत नागांची मिरवणूक बंद झाली. गावानं प्रतिमेची पूजा सुरू केली, पण मागणी सोडली नाही.

२०२५ मध्ये नागपंचमी २९ जुलैला होती. त्याआधी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं शिराळ्याला नाग पकडायची परवानगी दिली. ती प्रथेच्या नावानं मिळाली नाही, शैक्षणिक कारणासाठी मिळाली. पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला द्यायचं, असं कारण. परवानगीत आकडाही ठरलेला होता, २१. मुदत काही दिवसांचीच. मनोरंजन, स्पर्धा, व्यवसाय यांना बंदी, आणि नाग परत निसर्गात सोडायची अट.

काहींना हा श्रद्धेचा विजय वाटला, तर काहींना कायद्याला मारलेली बगल. ‘शिक्षण’ या शब्दाखाली नेमकं काय बसतं, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच आहे. पण शेकडो वर्षांची परंपरा सांगणाऱ्या गावालाही कलम १२ च्याच दारातून यावं लागलं, हे मात्र यातून स्पष्ट झालं.

परवाना नीट चालला तर काय होतं?

याचं उत्तर तमिळनाडूत सापडतं. इरुला ही तिथली साप पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेली आदिवासी जमात. कातड्यासाठी साप पकडून विकणं हे त्यांचं पोटापाण्याचं साधन होतं. १९७२ च्या कायद्यानं आणि नंतरच्या निर्यातबंदीनं ते बंद पडलं. १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं इरुलांची सहकारी संस्था उभी राहिली. वन विभाग किती साप पकडायचे तो आकडा ठरवून देतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि सोडून देतात. खुणेमुळं तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही. देशात प्रतिविष बनवण्यासाठी लागणारं बरंचसं विष याच संस्थेकडून येतं. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुला सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे जव्हार किंवा मोखाड्यात शेतात कुणाला घोणस चावली आणि दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, तर त्यामागं कुठंतरी असा एक परवाना असतो.

अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात रॅटलस्नेक पकडण्याचे सामूहिक मेळावे भरतात. तिथं संयोजकांना वेगळा परवाना लागतो, पकडणाऱ्याला वेगळा. हंगाम आणि आकाराची मर्यादाही ठरलेली असते. म्हणजे तिथं हौसेला परवानगी आहे, पण मोजून. आपल्या कायद्यानं हौसेचा रस्ताच ठेवलेला नाही.

बेडकांचं काय?

सापाला निदान भीतीचं आणि देवाचं संरक्षण असतं. बेडकाला तेही नाही. आपला मोठा बेडूक, म्हणजे बुलफ्रॉग, पहिल्या जोरदार पावसात बाहेर येतो. नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. काही रात्रींतच प्रजनन उरकतं. नेमक्या याच रात्री त्यांना धरणं सगळ्यात सोपं असतं, आणि नुकसानही सगळ्यात जास्त, कारण अंडी घालण्याआधीच मादी पोत्यात जाते. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ या नावानं बेडकाचं मांस खपतं आणि दर पावसाळ्यात वन विभागाला गस्त घालावी लागते. एकेकाळी भारत बेडकांच्या तंगड्यांचा मोठा निर्यातदार होता. १९८७ मध्ये ही निर्यात बंद केली गेली. शेतातले किडे खाणारा प्राणी परदेशी पाठवून आपण कीटकनाशकांचा खर्च वाढवतोय, हा त्यावेळी मोठा मुद्दा होता. भातशेतीवर जगणाऱ्या जव्हार-मोखाड्याला तो आजही लागू पडतो.

आदिवासींचे हक्क कुठं बसतात?

जव्हार-मोखाडा हा पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी इथं राहतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्यांना जंगलावरचे सामूहिक हक्क दिले. त्यात मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न आहे, गौण वनोपज आहे. पण त्याच कायद्यात परंपरागत हक्कांच्या कलमात एक अपवाद आहे, शिकारीचा. वन्य प्राणी मारणं, सापळ्यात धरणं किंवा त्याच्या शरीराचा भाग काढणं या हक्कात येत नाही. पारंपरिक शिकारीची सूट वन्यजीव कायद्यात फक्त निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना आहे.

हा मुद्दा नाजूक आहे. एकीकडं भाजीपुरतं रानातून आणणारा माणूस आणि दुसरीकडं लाइक्ससाठी साप गळ्यात घालणारा पर्यटक, दोघांना कलम एकच. पण वकील परवडतो फक्त दुसऱ्याला. तालुक्याच्या गावात पकडला गेलेला कातकरी तारखा घालत बसतो, त्याची मजुरी बुडते. परवान्याचा कागद शिकलेल्या माणसालाच भरता येतो, हेही खरं. इरुलांसारखी व्यवस्था, म्हणजे जंगल ओळखणाऱ्याच्याच हातात परवाना आणि रोजगार, आपल्याकडं का नाही, हा प्रश्न विचारायला हवा.

तुम्ही जव्हारला जाणार असाल तर

- बघा, लांबून फोटो काढा, पण हात लावू नका. बघणं ही शिकार नाही, पकडणं ही आहे.
- राखीव जंगलात रात्री शिरायचं असेल तर वन विभागाची परवानगी घ्या. गाइड सोबत असला म्हणून परवानगी असतेच असं नाही.
- साप, मांडूळ, घोरपड दिसल्याचं नेमकं ठिकाण पोस्टवर टाकू नका. तस्करही इन्स्टाग्राम वापरतात.
- ‘हत्थाजोडी’ ही मुळी नाही, घोरपडीचा अवयव आहे. ऑनलाइन मागवली तरी गुन्हा आहे.
- घरात किंवा शेतात साप निघाला तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर फोन करा.
- साप चावला तर थेट दवाखाना गाठा. साप पकडून सोबत न्यायची गरज नसते.

आणि हातात साप धरलेली रील टाकायचा मोह झालाच, तर एवढं लक्षात ठेवा की चेहरा, प्राणी आणि जागा, तिन्ही तुम्ही स्वतःच अपलोड करताय. वन विभागाला वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही.