पाळण्याची भाषा

कोल्हापुरात गुऱ्हाळे पेटली की नाताळ जवळ आला म्हणायचे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये येथे आले. मिशनबरोबर परदेशी चालीही आल्या. १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियात प्रथम गायिलेले ‘सायलेंट नाइट’ मलाही प्रिय आहे. पण जीव खरा रमतो तो ओवी-अभंगात. फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी भजनाचे वळण दिले. पेटी-तबल्यावर बाळ येशूचा पाळणा सुरू झाला की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे ओठ आपोआप हलू लागतात. मुलांनी इंग्रजी गाणी जरूर गावीत. पण पाळण्याची भाषा विसरली, तर आपलाच सण आपल्या घरी पाहुणा होईल.