प्रूफ, यंत्र आणि रंगाचा करार

दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ मराठी वाचकाच्या हाती पडते तेव्हा ते सणाचे निमंत्रण घेऊन येते. परंतु ज्या छापखान्यातून ते बाहेर पडलेले असते, तेथे त्याने बहुधा एक लहानमोठा कलह पाहिलेला असतो. चित्रकाराने रंगविलेले लुगडे डाळिंबी होते, प्रूफावर ते किंचित केशरीकडे झुकले, यंत्रावर चढल्यावर त्याला तपकिरी झाक आली, आणि संपादक, चित्रकार व मशीनमन असे तिघेही आपापल्या डोळ्यांची साक्ष काढून परस्परांना दोष देऊ लागले, असा प्रसंग ज्याच्या इतिहासात एकदाही घडला नाही असे मुद्रणालय निदान माझ्या पाहण्यात नाही. नवल एवढेच, की या वादात सहसा कोणीही खोटे बोलत नसतो.

शेड जुळविण्याची ही विवंचना आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला, तेव्हा देवदेवतांच्या एकेका चित्रासाठी अनेक शिळा लागत व प्रत्येक शिळेवर एकेका रंगाचा भाग निष्णात कारागीर हाताने उतरवीत. नमुनाही शिळेवरच निघे आणि छपाईही शिळेवरच होई, त्यामुळे दोहोंत फरक पडला तरी त्याचे मूळ शोधणे फारसे कठीण नसे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा सुरू केली, तिला पुढे दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यांनी रंगीत मुखपृष्ठांचे वैभव आणले, पण तोवर शिळेची जागा जालीच्या तिरंगी-चौरंगी ब्लॉकांनी घेतली होती. प्रत्येक रंगाचे स्वतंत्र आणि मग एकावर एक चढविलेले असे क्रमवार प्रूफ ब्लॉकमेकर आपल्या दुकानात, उत्तम आर्ट पेपरवर, सवडीने काढून देई. छापणाऱ्याने मात्र तेच चित्र आपल्या यंत्रावर, आपल्या शाईने आणि घाईच्या दिवसांत उठवायचे. नमुना एकाच्या घरचा आणि छपाई दुसऱ्याच्या घरची, ही फारकत तेव्हा पडली व ऑफसेटच्या अमदानीतही ती पुरती मिटलेली नाही.

वादाचे पहिले कारण प्रकाश होय, आणि त्याचा विचार आपल्याकडे सर्वांत कमी होतो. किरणांना स्वतःचा असा रंग नसतो हे न्यूटनाने १७०४ साली ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात बजावून ठेवले असले, तरी व्यवहारात आपण रंग हा कागदालाच चिकटलेला असतो असे धरून चालतो, आणि तोच ताव एकदा ट्यूबलाइटखाली, एकदा खिडकीशी व एकदा संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली धरून तीन निरनिराळे निर्णय देतो. साड्यांच्या कॅटलॉगाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना याची कटकट विशेष ठाऊक असते. कापडाचा रंग आणि छपाईची शाई यांची रासायनिक घडण भिन्न असल्यामुळे छापखान्यातील दिव्याखाली तंतोतंत जुळलेला मोरपंखी रंग दुकानाच्या दारात उन्हात नेताच फुटून वेगळा पडतो. शास्त्रात या प्रकारास मेटॅमेरिझम म्हणतात, आणि त्याचा दोष मशीनमनच्या माथी मारणे हा शुद्ध अन्याय आहे. यासाठीच आंतरराष्ट्रीय मानकाने रंग पाहण्याचा प्रकाश ठरवून दिला आहे : सुमारे ५,००० केल्व्हिनचा, मध्यान्हीच्या दिवसप्रकाशाशी नाते सांगणारा, आणि बारकाईने तुलना करावयाची तेव्हा सुमारे २,००० लक्स तीव्रतेचा, भोवतालची भिंत करड्या, निर्विकार रंगाची. आमच्याकडे त्या भिंतीवर बहुधा शाईच्या कंपनीचे भडक कॅलेंडर टांगलेले असते! प्रकाशाची अशी पेटी बसविण्यास येणारा खर्च चौरंगी यंत्राच्या किमतीपुढे नगण्य. तरीही यंत्र घेताना कर्ज काढणारे कारखानदार पेटीचा विषय निघाला की पुढच्या वर्षावर ढकलतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

डोळ्यांची साक्ष अपुरी ठरल्यावर आकड्यांचा आश्रय घेणे क्रमप्राप्त झाले. रंगाला आकड्यांत बांधण्याचा पाया १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाशविषयक आयोगाने घातला, आणि १९७६ साली त्याच आयोगाने ‘लॅब’ ही पद्धत सांगितली, जिच्यात उजळपणा, हिरवा-तांबडा आणि निळा-पिवळा अशा तीन अक्षांवर कोणत्याही रंगाचे स्थान सांगता येते; दोन रंगांच्या स्थानांमधील अंतरास ‘डेल्टा ई’ म्हणतात व ते साधारण एकाच्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाच तो फरक जेमतेम कळतो. अनेक छापखान्यांत डेन्सिटोमीटर आल्यामुळे मोजमापाची हौस फिटल्यासारखी वाटते. परंतु तो शाईचा थर किती दाट बसला एवढेच सांगतो, रंग कोणता झाला हे सांगणे त्याचे काम नव्हे. मॅजेंटाच्या डब्यात दुसऱ्या कंपनीची, जरा निळसर झाकेची शाई ओतली तर डेन्सिटी बरोबर येऊनही गुलबक्षी रंग बिघडतो. तेथे स्पेक्ट्रोफोटोमीटरच हवा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. रंगमेळ सुधारावयाचा म्हणजे अधिक सुंदर प्रूफ काढावयाचे, अशी जी समजूत व्यवसायात रूढ आहे, तीच बहुतेक अनर्थांचे मूळ आहे असे माझे मत आहे. आधुनिक इंकजेट प्रूफयंत्राला चौरंगी ऑफसेटपेक्षा कितीतरी विस्तीर्ण रंगक्षेत्र साधते. त्याला मोकळे सोडले तर ते असा निळा व असा पोपटी काढील की जो सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांनी ब्रह्मदेवालाही छापता येणार नाही. मग गिऱ्हाईक त्या तावावर सही करते, आणि मशीनमन इंक की उघडझाप करीत, शाई वाढवीत, कमी करीत, शेकडो ताव रद्दीत घालीत त्या मृगजळाचा पाठलाग करतो. वास्तविक यंत्राने प्रूफामागे धावावयाचे नसून प्रूफाने यंत्राची इमानाने नक्कल करावयाची असते. आणि नक्कल करावयाची तर ज्याची करावयाची तो आज एक आणि उद्या दुसरा असून कसे चालेल?

म्हणून सुधारणेचा आरंभ यंत्रापासून. ब्लँकेट, रोलर, फाउंटनच्या पाण्याची आम्लता, शाईची जात व रंगांचा क्रम ही सर्व निश्चित करून एक चाचणी-छपाई काढावी लागते. जालीवरचा पन्नास टक्क्यांचा ठिपका शाई दाबली जाऊन व प्रकाश कागदात पसरून आर्ट पेपरवर पासष्टच्या घरात फुगतो, बिनलेपाच्या मॅपलिथो कागदावर त्याहून अधिक; ही फूग म्हणजे गुन्हा नव्हे, ती किती होते हे माहीत नसणे हा गुन्हा. चाचणीतून ती मोजली म्हणजे प्लेट काढतानाच तिची भरपाई करता येते, आणि त्या स्थिर यंत्राचे वर्णन प्रोफाइलच्या रूपाने प्रूफयंत्राला शिकविता येते. या मार्गात सर्वांत कामाची खूण म्हणजे पन्नास टक्के सायन आणि चाळीस-चाळीस टक्के मॅजेंटा व पिवळा यांनी बनलेला करडा चौकोन : तिन्ही शायांतील एकीने जरा तोल सोडला की तो तांबूस किंवा हिरवट होतो, व मनुष्याच्या डोळ्याला करड्यातील ही विकृती भडक रंगातील विकृतीपेक्षा फार लवकर दिसते. कोकणपट्टीतील आषाढ-श्रावणाची दमट हवा या सगळ्या शिस्तीची परीक्षा पाहते. कागद ओल शोषून ताणला जातो, चार रंग एकावर एक नेमके बसण्याची जुळणी, म्हणजे रजिस्टर, हलते, आणि छपाई-विभागात सापेक्ष आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राखणे हे मुंबईच्या छापखान्यात केवळ पंख्यांच्या भरवशावर होत नाही. दिवाळी अंकांची घाई नेमकी या दिवसांतच सुरू होते, हे आपल्या व्यवसायाचे दुर्दैव.

कागदाविषयी दोनच शब्द. हल्लीच्या शुभ्र कागदांत चमक आणणारी रसायने असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकतात, म्हणून प्रूफाचा कागद अशा रसायनांविना असला तर पांढरी जागाच पिवळट दिसते व सर्व रंगांना तिची लागण होते. प्रूफाचा कागद छपाईच्या कागदाशी मिळताजुळता निवडावा, यापरता उपाय नाही.

काही रंग चार शायांच्या टापूत येतच नाहीत. ध्वजावर झळाळणारा भगवा, राणी रंग, पैठणीच्या मोराचा गळा, यांचा अस्सल तजेला हवा असेल तर स्वतंत्र पाचवी शाई मिसळून घ्यावी लागते; १९६३ साली अमेरिकेत लॉरेन्स हर्बर्ट यांनी पॅन्टोनची क्रमांकित नमुनापुस्तके काढली ती अशाच प्रयोजनाने. पुस्तकाची पाने मात्र वापराने व उजेडाने विटतात, आणि पाच वर्षांपूर्वीचे पुस्तक हातात घेऊन नव्या पुस्तकाशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. जरीविषयी तर बोलायलाच नको. धातूची चमक साध्या पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांनी सुचविता येते, छापता येत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला आगाऊ सांगणे हा छापखान्याच्या सचोटीचा भाग आहे.

सर्वांत ताजी व्याधी म्हणजे मोबाइलवरची मंजुरी. चित्र व्हॉट्सॲपवर जाते, पाहणारा उन्हात किंवा अंधाऱ्या खोलीत, पडदा त्याने आपल्या आवडीनुसार उजळ वा पिवळसर केलेला, आणि त्यावरून ‘ओके’ असा कौल येतो. पडदा स्वयंप्रकाशी, कागद परप्रकाशी, हा भेद त्या एका शब्दात वाहून जातो. मजकूर तपासण्यास ही सोय उत्तम. रंगासाठी ती कवडीमोल. रंगाची मंजुरी हा दोन पक्षांमधील करार आहे, आणि कराराचा दस्त कागदावर, तारीख-सहीनिशी, कडेला मोजणीची पट्टी छापलेल्या प्रूफाच्या रूपानेच झाला पाहिजे. ती पट्टी मोजून मर्यादेत आली आहे असे प्रूफावर नमूद नसेल, तर तो ताव म्हणजे एक देखणे चित्र, यापलीकडे त्याची किंमत नाही.

राहता राहिला मशीनमन. रंगांध पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक असूनही या कामावर माणूस घेताना रंगांधता तपासणारे इशिहाराचे ठिपक्यांचे तक्ते दाखविण्याचा शिरस्ता आपल्याकडे क्वचितच आढळतो. त्याहून मोठी उणीव अधिकाराची आहे. ओल्या शाईचा ताव अधिक गर्द दिसतो व वाळल्यावर उतरतो, हे त्याला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. तरी गिऱ्हाईक यंत्राशी उभे राहून ‘आणखी थोडा लाल’ म्हणते आणि मालक मान डोलावतो. पट्टीविना आलेले प्रूफ परत धाडण्याची, आणि ओके शीटवर सही झाल्यानंतर यंत्र चालू असता कोणाच्याही तोंडी हुकुमाने शाई न हलविण्याची मुभा मालकाने त्याला लेखी द्यावी. पहिले काही महिने गिऱ्हाइके कुरकुरतील, एखादे शेजारच्या छापखान्याकडे जाईलही, पण रद्दीच्या वजनाचा महिन्याचा हिशेब समोर ठेवून हा तोटा मालकाने सोसावा असे मी सुचवीन.